कढीपत्त्यासाठी व्हॅन

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे मेथी निवडली. तीही घरात नाही, गाडीत बसून. आमच्या बिल्डिंगमधलं कपडे वाळवायचं मशीन बंद पडलं होतं, म्हणून ओले कपडे घेऊन रस्त्यावरच्या लाँड्रीत गेलो होतो. कपडे आत फिरत होते. तिथल्या बाकावर बसायला तिला आवडायचं नाही, टीव्ही फार मोठ्याने लावलेला असतो. मग आम्ही गाडीत येऊन बसलो. तिने पिशवीतून मेथीच्या जुड्या काढल्या, माझ्या मांडीवर पेपर पसरला आणि म्हणाली, "नुसते बसू नका."

मी निवडायला लागलो. जरा वेळाने तिने माझ्या ढिगात हात घातला.

"अहो, ही भाजी निवडली का गुरांना वैरण टाकली? सगळे देठच देठ."

"देठानं कोणी मरत नाही."

"कवळीत अडकले की मग मला हाका मारू नका."

माझा ढीग तिने पुन्हा निवडला. तेवढ्यात म्हणाली, "उद्या झाड आत घ्यायला हवं. रात्रीचा गारठा वाढलाय." मी म्हटलं, बघू. कपडे वाळले, घरी आलो, भाजी-भाकरी खाल्ली, झोपलो. सकाळी चहा टाकता टाकता ती ओट्याला धरून खाली बसली ती उठली नाही. दवाखान्यात म्हणाले, हृदय. मी एकटा घरी आलो तेव्हा झाड बाल्कनीतच होतं. ते आत ओढलं. बाकी काय करायचं ते मला सुचलं नाही.

मग लोक आले. या श्रूजबरी गावात आपली माणसं पुष्कळ. पुण्याची, नागपूरची, सगळी कंप्युटरवाली. दारात बूट काढायचे, डबा टेबलावर ठेवायचा, सोफ्याच्या कडेवर बसायचं आणि फोन उलटा करून मांडीवर ठेवायचा. एक बाई म्हणाली, "काका, काकू सुटल्या हो." कशातनं सुटली? आदल्या दिवशी मेथी निवडत होती. दुसरा म्हणाला, "काका, क्लोजर मिळायला वेळ लागतो." मी म्हटलं, तुला मिळालं की पाठवून दे. तेव्हापासून तो आला नाही. बरं झालं.

मी सातवी शिकलेला माणूस, सातारा जिल्ह्यातला. तिच्या भावाने कागद केले म्हणून या देशात आलो, प्लास्टिकचे डबे करणाऱ्या कारखान्यात उभा राहून नोकरी केली आणि एकुलता एक मुलगा शिकवला. मुलगा शिकून एवढा मोठा झाला की बापाशी बोलायला त्याला दोन मीटिंगांमधली फट शोधावी लागते. त्याचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. ती होती तोवर तिने तिकडे राहायला जायचं नाव काढू दिलं नाही. "एका ओट्यावर दोन बायका नकोत," म्हणायची. ती गेल्यावर मुलगा म्हणाला, "बाबा, आता तुम्ही आमच्याकडेच. बेसमेंट फिनिश केलंय, बाथरूम सेपरेट आहे."

म्हणजे तळघर. आमच्याकडे तळघरात बटाटे ठेवायचे. पण एकट्याने राहायची हौस मलाही नव्हती. हो म्हटलं.

आता झाडाचं सांगतो. झाड म्हणजे कढीपत्ता. कुणाकडून तरी तिने बोटाएवढं रोप आणलं होतं. रंगाच्या मोठ्या बादलीला बुडाशी भोकं पाडून त्यात लावलं आणि वाढवत वाढवत माझ्या डोक्याच्या वर नेलं. उन्हाळ्यात बाल्कनीत, थंडीत खिडकीशी हीटरजवळ. दही जास्त आंबलं की त्याचं ताक करून झाडाला घालायची. मी म्हणायचो, "नवऱ्याला पॅकेटातलं दूध आणि झाडाला ताक." ती म्हणायची, "झाड उलटं बोलत नाही." वसंत आला की विळी घेऊन ते निम्म्यावर कापायची. मी तिला खाटीक म्हणायचो. महिन्याभरात पुन्हा लालसर फुटवे यायचे आणि ती मला हाताला धरून दाखवायला न्यायची. मी म्हणायचो, पाच पानांसाठी केवढा तो तमाशा.

तिने मरताना झाडाबद्दल मला काही सांगितलं नाही. मरताना माणसं सांगून-बिंगून जातात हे सगळं थोतांड. पण ते झाड जिवंत त्या घरात न्यायचं, एवढं मी ठरवलं होतं. बाकीच्या सामानाला आग लागली असती तरी मी जागचा हललो नसतो.

सामान न्यायला मुलाने माणसं ठरवली होती. ती शुक्रवारी आली आणि पलंग, कपाट, सोफा, सगळं तासाभरात घेऊन गेली. झाडापाशी आल्यावर त्यांच्या म्होरक्याने मान हलवली. झाडं नेत नाही म्हणे. जिवंत वस्तू त्यांच्या नियमात बसत नाही. या देशात नियम एवढे झालेत की माणसाला स्वतःची अक्कल वापरायची वेळच येत नाही.

माझ्या गाडीत ते मावेना. मुलाच्या गाडीत मावेना. मुलगा म्हणाला, "बाबा, वरून कट करू या ना, मग बसेल."

"थंडीत कापायचं नसतं."

"मग नवीन घेऊ. ऑनलाइन मिळतं, अ‍ॅक्चुअली चांगलं मिळतं."

"आईसुद्धा बघ मिळते का."

त्याने गाडीचं दार लावलं. मला वाईट वाटलं नाही. त्या दिवसांत मला कशाचंच वाटत नव्हतं.

शनिवारी सकाळी मी एकटाच व्हॅन भाड्याने घ्यायला गेलो. मुलाला नंतर कळवलं. तो येतो म्हणाला तर मी म्हटलं, तू तुझ्या घराचं दार उघडून ठेव, तेवढंच जमव.

काउंटरवर एक जाडी बाई च्युइंग गम चघळत बसली होती. तिने माझं लायसन्स उलटंसुलटं करून पाहिलं.

"हनी, एवढी मोठी गाडी चालवलीय कधी?"

"पुष्कळ वेळा," मी म्हटलं. जन्मात चालवली नव्हती.

"काय न्यायचंय?"

"एक झाड."

"आणि?"

"झाड."

तिचं चघळणं थांबलं. "केवढं आहे?" मी डोक्यावर हात धरून दाखवलं. तिने मागच्या खोलीतल्या दुसऱ्या बाईकडे पाहिलं आणि दोघी हसल्या. दिवसभर चघळत बसणाऱ्या बाईने कुणाला हसावं याला काही सुमार आहे की नाही? पण किल्ली तिच्या हातात होती, म्हणून मीही हसल्यासारखं केलं.

व्हॅन म्हणजे चाकांवर उभं केलेलं गोदाम. पांढरी, मागे खिडकी नाही, मधला आरसा नाही. दोन बाजूंना ताटाएवढे आरसे, त्यांत बर्फाचे ढीग आणि आपलाच पांढरा पत्रा दिसतो. गाडी मागे कुठे संपते हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. बाहेर पडतानाच उजवं चाक फुटपाथवर चढलं आणि धपकन उतरलं. काचेतून त्या दोघी बघत होत्या. मी वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी दिसलं नसतं.

फ्लॅटवर आलो. झाडाची बादली चादरीवर ठेवून पॅसेजमधून ओढत लिफ्टपर्यंत नेली आणि व्हॅनमध्ये कशी चढवली ते माझ्या कमरेला विचारा. उभं राहीना म्हणून तिरकं केलं. बादली मागे, कड्यांना दोरीने बांधली, आणि शेंडा पुढे दोन सीटांच्या मधून थेट माझ्या कानाशी. तिने जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी मी बादलीभोवती गुंडाळली. मुळांना ऊब हवी, असं ती म्हणायची.

घरात उरली होती तिची विळी आणि भिंतीवरचं कॅलेंडर. विळी त्या माणसांच्या हातात द्यायला मला नको वाटलं होतं. कॅलेंडर दर वर्षी तिची बहीण गावाहून पाठवायची. कुठलाही उपास असो, सण असो, ही आधी कॅलेंडरपुढे उभी राहून बोटांवर काहीतरी मोजायची. मी विचारायचो, "वाण्याचा हिशोब आहे का गं?" ती म्हणायची, "तुम्हाला कळून काय करायचंय? तुम्हाला फक्त जेवायला कधी ते कळतं." खरं होतं ते.

खिळ्यावरून कॅलेंडर काढताना त्या शनिवारच्या चौकोनात काळा गोळा दिसला. अमावास्या. ती अवस म्हणायची. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, समाप्ती दुपारी साडेतीन.

अवसेला तिने कधी नवीन झाडू घरात आणला नाही, नवीन भांडं आणलं नाही. मुलाने गाडी घेतली तेव्हा अवस होती म्हणून तिने ती एक दिवस दुकानातच ठेवायला लावली. मी जन्मभर हसलो. कारखान्यात अवसेला पगार मिळाला की घरी आणून म्हणायचो, घे, परत देऊन येऊ का? माझं झाड असतं तर अवसेलाच काय, ग्रहणात नेलं असतं. पण झाड तिचं होतं. आणि तिला विचारायची सोय नव्हती.

फ्लॅटची किल्ली दुपारच्या आत ऑफिसात द्यायची होती. तिथे थांबता येत नव्हतं. मग ठरवलं, घर सोडायला हरकत नाही, पण साडेतीनच्या आत त्या घराचा उंबरा झाडाला ओलांडू द्यायचा नाही. त्या घराला उंबरा नाही, पत्र्याची पट्टी आहे. असो.

निघालो. हीटर पूर्ण सोडला. स्वेटर, कानटोपी, मफलर आणि तोंडावर गरम वारा. भट्टीत बसल्यासारखं झालं. मी घामाघूम आणि झाड मजेत. ब्रेक दाबला की शेंडा पुढे येऊन माझ्या कानफटात पानं मारायचा, सोडला की मागे जायचा. सगळी गाडी कढीपत्त्याच्या वासाने भरली. ती शेजारी बसली की माझ्या आधी तिचा पाय नसलेल्या ब्रेकवर जायचा. "हळू, अहो, हळू." मी चिडायचो. त्या दिवशी कुणी हळू म्हणालं नाही म्हणून मी आपण होऊन हळू चाललो, तर मागच्यांनी हॉर्न वाजवून वाजवून कान किटवले. एकजण शेजारून जाताना काच खाली करून काहीतरी बोलला. त्याच्या गाडीत सात माणसं बसावीत एवढी मोठी जागा आणि आत तो एकटा. कुठे जायची घाई? घरी जाऊन फोन बघायचा, तोच जो गाडीतही बघतोय.

गोल चौकात मी दोनदा फिरलो, कारण बाहेर पडायच्या वेळी उजव्या आरशात कोणीतरी असायचंच. तळ्यावरच्या पुलावर वाऱ्याने गाडीला बाजूने असा धक्का दिला की स्टिअरिंग दोन्ही हातांनी छातीशी धरलं. तळं गोठलं होतं आणि त्यावर खुर्च्या टाकून दोन-तीन माणसं भोकातून मासे धरत होती. गोठलेल्या पाण्यावर बसून मासा धरायचा आणि दुकानातही मासाच घ्यायचा. या लोकांना अक्कल वाटताना देव बहुतेक जेवायला गेला होता.

मुलाच्या घरापाशी पोचलो तेव्हा दुपार नुकती सुरू झाली होती. मी व्हॅन त्याच्या दारापुढे लावली आणि इंजिन बंद केलं. उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवणारा माणूस मला चोराइतका वाईट वाटतो. ही सवय गावाकडची, ती काही या देशात सुटली नाही.

मुलगा स्लीपर घालून बर्फातून बाहेर आला.

"या ना बाबा. झाड मी धरतो."

"आत्ता नाही. साडेतीनला."

"साडेतीनला काय आहे?"

आता याला काय सांगू? लहानपणी याच्यासमोरच मी त्याच्या आईला हसायचो. तोही माझं बघून हसायला शिकला. म्हटलं, "मला जरा बसायचंय."

"गाडीत?"

"भाड्याची आहे. पुरेपूर वापरतो."

तो उभा राहिला, मग आत गेला. काही वेळाने चहा घेऊन आला. "बाबा, रागावलात का? बेसमेंटमुळे? वरची खोली रिकामी करतो हवं तर."

"चहात साखर नाही."

"तुमची शुगर…"

"जा आत."

दारातून सून म्हणाली, "बाबा, फार थंडी आहे हो." सून नागपूरची, तीही कंप्युटरवाली. नागपूरच्या माणसाला थंडीतलं काय कळतं, असं मनात म्हटलं आणि काच वर केली. ती दोघं आत गेली. मी कानटोपी खाली ओढली. काचांवर आतून बर्फाची जाळी धरायला लागली. पाय बधिर झाले. मला वाटत होतं, आपल्याला जेवढं सोसवतं तेवढं झाडाला सोसवेल. माझा डोळा लागला.

साडेतीनला मुलगा आणि मी झाड आत नेलं. पत्र्याच्या पट्टीवरून नेताना मी उजवा पाय आधी टाकला. कुणाच्या लक्षात आलं नाही. झाड तळघरातल्या एकुलत्या एका खिडकीशी ठेवलं. पानं जरा काळपट, ओल्या कपड्यासारखी लोंबत होती. म्हटलं, प्रवासाने दमलंय.

सुनेने माझ्या काखेतलं कॅलेंडर घेतलं, कुठे लावू म्हणाली. मग त्या पानाकडे बघत राहिली.

"बाबा, तुम्ही अमावास्या संपायची वाट बघत होता?"

मी मफलर सोडायला लागलो.

"अहो, पण ही वेळ तिकडची आहे. भारतातली. आई यातून साडेदहा तास काढायच्या, उन्हाळ्यात साडेनऊ. मला फोनवर सांगायच्या, आज अमुक वेळेनंतर कर. इथली पहाटेच संपली."

मुलगा हळूच म्हणाला, "जाऊ दे ना."

"मी कुठे काय म्हणतेय," ती म्हणाली आणि कॅलेंडर छातीशी धरून उभी राहिली.

मी सकाळी उठायच्या आधीच अवस संपली होती. त्या बाईकडून व्हॅनची किल्ली घेतली तेव्हा संपलेली होती. तिकडे रात्र असताना इथे दिवस असतो हे मला काय ठाऊक नव्हतं? इतकी वर्षं गावाला फोन लावताना मीच घड्याळ बघायचो. ती रोज माझ्या नाकासमोर बोटं मोजत होती आणि मी वाण्याचा हिशोब म्हणत होतो. लोकांना अक्कल वाटताना देव जेवायला गेला म्हणतो, तेव्हा रांगेत पहिला मीच उभा होतो बहुतेक.

संध्याकाळी व्हॅन परत द्यायला मुलगा आला, पुढे मी व्हॅनमध्ये, मागे तो त्याच्या गाडीत. वाटेत मी एकदाही फुटपाथवर चढलो नाही. पण कानाला पानं लागत नव्हती आणि गाडी विनाकारण रिकामी वाजत होती. काउंटरवरच्या बाईने विचारलं, "झाड पोचलं?" मी म्हटलं, "पोचलं."

सकाळी उठून पाहिलं तर सगळी पानं काळी पडली होती. हात लावला की गळायची. खाली पडलेल्या पानांनाही वास नव्हता. मी नखाने फांदी खरवडली. तपकिरी. जरा खाली खरवडली. तपकिरीच. बादलीच्या कडेपासून वीतभर वर खोड खरवडलं तेव्हा आत थोडं हिरवट दिसलं, का मला दिसावंसं वाटलं, सांगता येत नाही. डोळे आता तसेही चांगले नाहीत.

थंडीत कापायचं नसतं. पण आता थंडीने ठेवलं काय होतं?

मी तिची विळी काढली. जमिनीवर पेपर पसरला, पायाखाली पाट दाबून बसलो आणि बादली आडवी करून एकेक फांदी पात्यावर कापली. तिला जमायचं तसं जमेना. कमरेतून कळ आली. वीतभर खोड ठेवलं, बादली उभी केली. सून चहा घेऊन जिन्यावर आली होती, ती तिथेच थांबली.

"ताक आहे का?" मी विचारलं.

"दही आहे, बाबा. डब्यातलं."

"आण."

तिने दही आणलं, वाटी आणि चमचा आणला. मी त्यात पाणी घालून चमच्याने घुसळलं आणि हळूहळू मुळाशी ओतलं. मातीने ते ओढून घेतलं. वाटीच्या तळाशी जरा उरलं होतं ते मी प्यालो.

आंबट नव्हतं. या देशात धड दहीसुद्धा आंबत नाही. सुनेला म्हटलं, उरलेला डबा फ्रीजमध्ये ठेवू नकोस, आठवडाभर इथे हीटरजवळ राहू दे.